दुपारी गरम, रात्री गार : एसीत पुन्हा गॅस भरण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगतो. गाव आर्वी तालुक्यातलं, वरच्या मजल्यावर स्लॅबची खोली, भिंतीवरचा दीड टनाचा इन्व्हर्टर (कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा) स्प्लिट एसी, हॉट अँड कोल्ड, घेऊन दोन वर्षं झालेला. सासऱ्यांना अर्धांगवायू झाल्यापासून ते त्याच खोलीत असतात, म्हणून एसी घेतला. एप्रिल निम्मा सरला की दुपारी एकपासून साडेचारपर्यंत तो नुसता वारा मारतो, रात्री दहानंतर मात्र पांघरूण घ्यावं लागतं. एका मेकॅनिकने गॅस भरला, आठ दिवस बरे गेले, पुन्हा तेच. दुसरा म्हणतो पीसीबी (एसीचं इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) बदला. शिवाय डिसेंबरात हीटर लावला की आधी काहीच यायचं नाही, मधूनच वारा बंद पडायचा आणि बाहेरच्या युनिटमधून वाफ निघायची. बाहेरचं युनिट मागच्या सांदीत, गोठ्याच्या टिनाखाली बसवलेलं आहे.

यातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेलात: रात्री दहानंतर चांगला गार होतो. वर्धा-यवतमाळकडच्या खेड्यांत मी हेच काम करतो, आणि कुणी फोन केला की माझा पहिला प्रश्न असतो, बिघडतो केव्हा? काय होतं ते नंतर. कारण गॅस संपला, कॉम्प्रेसर गेला किंवा पीसीबी जळालं तर मशीनला दुपार-रात्र कळत नाही. ते रात्रीही रडतंच. जो एसी रात्री पांघरूण घ्यायला लावतो, त्याचं पोट बहुधा ठीक असतं. त्याला दुपारी काय सोसावं लागतं ते शोधायचं असतं. गॅस थोडासाच कमी असेल तर तोही आधी दुपारीच उघडा पडतो, हे खरं आहे, त्यामुळे गॅसचा विषय मी पूर्ण सोडत नाही. पण त्याचा नंबर तिसरा.

पहिला नंबर बाहेरच्या युनिटचा. एसी खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. बाहेर ४५ अंश असतील तर ती उष्णता बाहेर जायला बाहेरची जाळी (गॅसच्या नळ्या आणि पात्यांची) ६० अंशांच्या आसपास तापावी लागते. डब्यावर लिहिलेली दीड टनाची ताकद मोजतात ती बाहेर ३५ अंश धरून. म्हणजे आपल्याकडच्या मे महिन्यात तो आधीच परीक्षेच्या दहा अंश पुढे चाललेला असतो. "५२ अंशांपर्यंत चालतो" असं जे छापलेलं असतं त्याचा अर्थ तेवढ्या उन्हात बंद पडत नाही इतकाच, पूर्ण दीड टन देतो असा नाही. आता हेच युनिट सांदीत टिनाखाली ठेवलं तर काय होईल ते बघा. वरून टिना तापलेला, समोर भिंत. पंख्याने फेकलेली गरम हवा भिंतीला लागून परत येते आणि मागून पुन्हा आत ओढली जाते. गावात ४५ असतील, पण युनिटला मिळणारी हवा ५०-५२ ची असते. मग पीसीबी कॉम्प्रेसरला वाचवण्यासाठी त्याचा वेग उतरवतं, कधी साफ थांबवतं. आतला पंखा चालू राहतो. तुम्हाला वाटतं नुसता वारा येतोय, आणि तसाच तो येत असतो.

हे अंदाजाने ठरवायचं कारण नाही. वायरच्या टोकाला सेन्सर असलेला डिजिटल थर्मामीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो, तो आणा. दुपारी तीनला एसी चालू असताना सेन्सर बाहेरच्या युनिटच्या मागच्या बाजूला, हवा आत ओढली जाते तिथे जाळीपासून चार बोटांवर पाच मिनिटं धरून आकडा लिहा. जाळीला टेकवू नका, उन्हातही ठेवू नका. मग अंगणात झाडाच्या सावलीत, जमिनीपासून उंच, तोच आकडा घ्या. दोन-तीन अंशांचा फरक चालतो. पाच-सात अंशांचा निघाला तर तुमचा रोग सापडला, आणि त्यावर जगातला कुठलाही गॅस इलाज नाही. युनिट तिथून हलवावं लागेल. मागे किमान अर्धा फूट, समोर तीन फूट मोकळं, वर टिना नको. उत्तरेची किंवा पूर्वेची भिंत मिळाली तर उत्तम. सावली हवीच असेल तर दोन हात उंचावर हिरवी नेट बांधा, म्हणजे खालून वारा खेळता राहतो.

त्याच वेळी जाळीकडे पाहा. शहरातल्या एसीच्या जाळीवर धूळ बसते, आपल्याकडे तिच्यात सोयाबीनचं कुटार, तुरीचा भुसा आणि कापसाची रुई मिसळते. ऑक्टोबरात मळणीयंत्र लागलं की कुटार उडून जाळीच्या पात्यांत शिरतं, त्यावर रुई बसते, हिवाळ्यात दव पडून त्याचा नमदा होतो. वरून जाळी फक्त मळकट दिसते. मागून टॉर्च मारा, पात्यांच्या फटीतून उजेड पलीकडे दिसला पाहिजे. दिसत नसेल तर धुवायचीच. एमसीबी (बोर्डावरचा एसीचा सुरक्षा-स्विच) पाडा, दहा मिनिटं थांबा, आणि जाळी धुताना पाणी शक्यतो आतून बाहेर मारा, म्हणजे घाण आली त्याच वाटेने परत जाते. जोराच्या धारेने ॲल्युमिनियमची पाती लवतात, तेव्हा साध्या नळीचं पाणी पुरे. विजेचा भाग असलेल्या बाजूला पाणी जाऊ देऊ नका. एक कळकळीची सूचना: घरात आहे म्हणून फवारणीचा पंप यासाठी वापरू नका. कितीही विसळला तरी टाकीत आणि नळीत औषधाचा अंश राहतो, आणि बाहेरचं युनिट धुऊन झालं की तोच पंप कुणीतरी आतल्या युनिटवर मारतो. त्या खोलीत आजारी माणूस चोवीस तास श्वास घेतोय.

दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूरकडच्या खारपाण (खाऱ्या पाण्याच्या) पट्ट्यातले लोक हे वाचत असतील तर त्यांनी बोअरच्या पाण्याने धुऊन तसंच सोडू नये. मीठ पात्यांना खातं. शेवटची धार गोड्या पाण्याची मारा. दुपारभर युनिटवर ठिबकचं पाणी सोडणारेही भेटतात. पाच-सात दिवस फायदा दिसतो, मग क्षारांचा पांढरा थर चढतो आणि जाळी कायमची जाते.

आतही एक जागा पाहा. भाव येईल या आशेने कापूस घरात भरून ठेवतात, वरच्या मजल्यावरही ठेवतात. तुमच्याकडे शेजारच्या खोलीत कापूस असेल तर एसीची आतली फिल्टर-जाळी महिन्याने धुवून भागणार नाही, आठवड्याने धुवा. फिल्टर तुंबला की आतल्या कॉइलवर बर्फ धरतो. बर्फ कुठे धरतो त्यावरून बरंच कळतं: सगळ्या कॉइलवर सारखा असेल तर हवा अडली आहे, नळी शिरते त्या कोपऱ्यातच असेल आणि बाकी कॉइल कोरडी असेल तर गॅस कमी असण्याची शक्यता मोठी.

दुसरा नंबर व्होल्टेजचा, आणि खेड्यात मला तो पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. दुपारी एक ते चार गावातले सगळे कूलर चालू असतात, डीपी (गावाला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर) एकच. संध्याकाळी सात ते दहा पुन्हा तेच, दिवे आणि टीव्ही वाढतात. रात्री दहानंतर लाईन सुधारते. तुमच्या वेळा याच्याशीही जुळतात, म्हणूनच मोजल्याशिवाय बोलू नये. व्होल्टेज पडलं की तेवढंच काम करायला एसी जास्त अँपिअर ओढतो. इन्व्हर्टरच्या पीसीबीने अँपिअरला मर्यादा घातलेली असते. ती गाठली की ते कॉम्प्रेसरचा वेग कमी करतं, आणि पुन्हा नुसता वारा.

मोजायची पद्धत अशी. दुपारी तीनला एसीच्या पॉइंटवर वायरमनकडून दोन आकडे घ्या, एक एसी बंद असताना आणि एक कॉम्प्रेसर पूर्ण वेगात आल्यावर. हे काम त्यालाच करू द्या. बंद असतानाच १८० च्या खाली असेल तर दोष लाईनीचा आहे. बंद असताना २१० आणि चालू होताच १९० झालं, तर मधली वायर किंवा जोड खराब आहे. दीड टनाचा एसी सात-आठ अँपिअर ओढतो. चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर मीटरपासून सरळ, मधे जोड न देता आणलेली असेल तर घरातल्या अंतरावर दोन-तीन व्होल्टच्या वर पडायला नको. बऱ्याच घरांत एसीसाठी वेगळी वायर ओढलेली नसते, दिव्यांच्या वायरवरून पॉइंट काढलेला असतो. खांबावरून मीटरपर्यंत येणारी सर्व्हिस वायर ॲल्युमिनियमची, तिचा खांबावरचा जोड गंजलेला. एसी सुरू होताना दिवे मंदावतात असं तुम्ही लिहिलं आहे. इन्व्हर्टर एसी हळूहळू वेग घेतो, त्याने दिवे इतके मंदावू नयेत. माझा संशय इथे जोडावर जातो. चालू एसीत मीटरजवळ जळकट वास येतो का, एमसीबीच्या स्क्रूजवळचं प्लास्टिक पिवळं पडलंय का, हे आजच बघा. हात न लावता बघा. वास किंवा डाग असेल तर वायरमन येईपर्यंत एसी लावू नका. खांबावरच्या जोडासाठी लाईनमनला बोलवा, स्वतः किंवा गावातल्या पोराला वर चढवू नका. मंजूर भार वाढवून घेतला नसेल तर तो अर्जही करून टाका.

स्टॅबिलायझर घ्यावा का? बंद स्थितीत व्होल्टेज १६०-१७० वर उतरत असेल तर घ्या, दीड टनाला चार केव्हीएचा. पण स्टॅबिलायझर वीज तयार करत नाही. १७० चे २२० करायचे तर तो लाईनीतून तेवढे जास्त अँपिअर ओढतो. जोड कच्चा असेल तर तो आणखी तापतो. म्हणून आधी वायर, मग स्टॅबिलायझर.

आता गॅस. गॅस हा पेट्रोलसारखा खर्च होत नाही. गेला तर कुठून तरी गळूनच जातो. त्यामुळे "गॅस भरला" एवढं सांगून जो मेकॅनिक गळती कुठे होती ते सांगत नाही, त्याने अर्धंच काम केलं. तुमच्या जागेत मी बाहेरच्या युनिटवरचे दोन पितळी नट आधी पाहीन. गोठ्यात मूत्राचा अमोनिया असतो आणि ओलाव्यासोबत तो पितळ-तांबं खातो, नटाला केसासारख्या चिरा जातात. गळतीसोबत थोडं तेल बाहेर येतं आणि त्यावर धूळ चिकटते. नटाच्या खालच्या अंगाला तेलकट काळा डाग असेल तर साबणाचा दाट फेस लावून बुडबुडे येतात का पाहा. डाग नसेल, फेस शांत असेल, तर गॅस गेलेला असण्याची शक्यता कमी.

मग गॅस भरल्यावर आठ दिवस बरं का वाटलं? त्या आठवड्यात आभाळ होतं का, अवकाळी पाऊस झाला होता का, ते आठवा. मेकॅनिकने त्या दिवशी फिल्टर आणि जाळीही धुतली असेल. आणखी एक शक्यता मला जास्त सतावते: गरज नसताना भरलेला गॅस आता जास्त झाला असेल. इन्व्हर्टरचा कॉम्प्रेसर वेग बदलत राहतो, तशी दाब दाखवणाऱ्या गेजवरची सुईही हलते, म्हणून नुसतं गेज पाहून गॅस किती आहे ते ठरत नाही. जास्त गॅसचा एसी रात्री चालून जातो, दुपारी दाब मर्यादेबाहेर गेला की थांबतो. तुमच्या तक्रारीत भरच पडणार. यावर खात्रीचा उपाय एकच. आहे तो गॅस रिकव्हरी मशीनने काढून घ्यायचा, नायट्रोजनने दाब देऊन गळती तपासायची, व्हॅक्यूम पंपाने नळ्या कोरड्या करायच्या आणि बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस वजनकाट्यावर मोजून भरायचा. पट्टीवर आर-३२ लिहिलं असेल तर तो पेट घेऊ शकणारा गॅस आहे, काम चालू असताना जवळ चूल, बिडी काही नको. वजनकाटा आणि व्हॅक्यूम पंप नसलेल्या माणसाला इन्व्हर्टर एसीत गॅस भरू देऊ नका, भले तो ओळखीचा असो.

पीसीबी बदलायला मी आत्ता अजिबात सांगणार नाही. स्क्रीनवर एरर कोड येतोय का? येत असेल तर तो आणि मॉडेल नंबर लिहून ठेवा. प्रत्येक कंपनीचे कोड वेगळे असतात. पावसाळ्यात पाल शिरून पीसीबी शॉर्ट होणं आपल्याकडे नेहमीचं, पण तसं झालं असतं तर एसी रात्रीही चालला नसता. वॉरंटी कार्डही काढा, बऱ्याच कंपन्या कॉम्प्रेसर आणि पीसीबीला वेगळी, लांबची वॉरंटी देतात.

मशीन ठीक आहे की नाही याची एक सोपी परीक्षा तुम्हीच घेऊ शकता. एसी १८ वर आणि पूर्ण पंख्यावर ठेवून वीस मिनिटं चालवा, मग आतल्या युनिटच्या वरून ओढल्या जाणाऱ्या आणि खालून येणाऱ्या हवेचं तापमान घ्या. फरक दहा-बारा अंशांचा असेल तर मशीन आपलं काम करतंय. ही परीक्षा सकाळी सहाला एकदा आणि दुपारी तीनला एकदा घ्या. सकाळी बारा आणि दुपारी पाच आले, तर वरचे दोन मुद्दे, जागा आणि व्होल्टेज. दोन्ही वेळा पाच आले, तर गॅस किंवा कॉम्प्रेसर. दोन्ही वेळा बारा आले आणि खोली तरी तापलेलीच, तर एसी निर्दोष आहे आणि स्लॅब उष्णता ओततोय. पण स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळी पाचपासून रात्री नऊपर्यंत खाली सोडतो. तुमची तक्रार साडेचारला संपते, म्हणून स्लॅबला मी मुख्य दोषी धरत नाही. तरी गच्चीवर पांढरा चुना मारून घ्या, खर्च थोडा आणि फरक हाताला कळतो. गच्चीवर तुराट्या-पऱ्हाट्या अंथरायची पद्धत आहे, पण युनिट किंवा वायर जवळ असेल तर वाळकी काटकी तिथे नको. आणि एसी लावला असताना त्या खोलीत कूलर चालवू नका. कूलरला खिडकी उघडी लागते आणि तो हवेत पाणी भरतो, एसीची बरीच ताकद ते पाणी काढण्यात जाते. सकाळी अकरापर्यंत कूलर, नंतर खिडकी लावून एसी २४-२५ वर, असं केलं तर बिलही आवरतं आणि सासऱ्यांनाही बरं वाटेल. दुपारी दोनला तापलेल्या खोलीत एसी लावण्यापेक्षा अकराला लावलेला केव्हाही चांगला.

हीटरबद्दल तुम्ही जे लिहिलं त्यात मला बिघाड दिसत नाही. हीटवर एसी उलटा चालतो, बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतो. सुरुवातीला आतली कॉइल तापेपर्यंत तो मुद्दाम पंखा रोखून धरतो, नाहीतर थंड वारा अंगावर येईल. तीन ते पाच मिनिटं वाट पाहायची. बाहेर आठ-नऊ अंश असताना बाहेरच्या जाळीवर दव गोठतं, ते वितळवायला एसी मधूनच पाच-दहा मिनिटं उलट फिरतो, तेव्हा आतला वारा थांबतो आणि बाहेर वाफ दिसते, खाली पाणी ठिबकतं. हे सगळं नियमाप्रमाणे आहे. काळजी तेव्हा करायची जेव्हा हीटवर अर्धा तास होऊनही थंडच हवा येते आणि कूलिंग मात्र व्यवस्थित असतं. मग दिशा बदलणारा व्हॉल्व्ह किंवा त्याची विजेची कॉइल तपासावी लागते. गरम हवा वर जाते म्हणून वाऱ्याची दिशा वळवणारी समोरची झडप खाली वळवा, तापमान २२-२४ ठेवा, आणि पलंग सरळ झोताखाली नको. अर्धांगवायूच्या माणसाला त्या बाजूची गरम-गार जाणीव कमी असू शकते.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. हीटर थांबला म्हणून त्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. एसीसाठी फटी बुजवलेल्या बंद खोलीत तिचा विषारी वायू साचतो, त्याला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही.

तर ताई, मेकॅनिकला पुन्हा बोलवण्याआधी जाळी आणि फिल्टर धुवा, मग नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायच्या आत हे आकडे घ्या: दुपारी तीनला युनिटच्या मागचं आणि सावलीतलं तापमान, एसी बंद आणि चालू असतानाचं व्होल्टेज, आणि सकाळ-दुपारचा आतल्या हवेतला फरक. सोबत बाहेरच्या युनिटच्या पट्टीचा फोटो आणि सांदीचं माप मला कळवा. युनिट दुसऱ्या भिंतीला न्यायचं ठरलं तर तांब्याची नळी लांबेल, आणि नळीच्या दर मीटर लांबीला किती ग्रॅम गॅस वाढवायचा हे मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. ते पाहून नेमकं वजन तुम्हाला लिहून देतो, म्हणजे मेकॅनिकच्या हातात तोच कागद देता येईल.